सर्दी छातीत उतरण्याआधी

आज १२ नोव्हेंबर, जागतिक न्यूमोनिया दिन. दिवाळी आटोपली आहे, सोयाबीन घरात नाही तर बाजार समितीत जाऊन पडले आहे, तूर फुलोऱ्यावर आहे आणि रात्री पांघरूण ओढावे लागू लागले आहे. मंगरूळपीरच्या ग्रामीण रुग्णालयात, शेलूबाजार आणि आसेगावच्या दवाखान्यांत याच दिवसांत कडेवरच्या लेकरांची रांग लांबते. तक्रार बहुतेकांची एकच असते, सर्दी-खोकला. बहुतेक लेकरे आठवड्याभरात खडखडीत बरी होतात. एखाद्याची सर्दी मात्र छातीत उतरते, पोट उडू लागते आणि आईबाप रात्रीतून अकोल्याची वाट धरतात. एकाच घरात, एकाच पाळण्याभोवती वावरणाऱ्या दोन भावंडांना एकच सर्दी होते. थोरला चौथ्या दिवशी गल्लीत खेळताना दिसतो आणि धाकटी धापा टाकत असते. असे का व्हावे?

घरोघरी याची उत्तरे तयार असतात. थंडी बाधली, आईने दही खाल्ले, केळ दिले, दृष्ट लागली. डॉक्टरांचे जुने उत्तर असे की लहान वय, कमी वजन, अपुरे पोषण. ते खरेच आहे आणि आजही तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. पण गेल्या वीसेक वर्षांत संशोधकांनी या उत्तरात एक भर घातली आहे. सर्दीचा विषाणू येण्याआधी त्या लेकराच्या नाकात आणि घशाच्या वरच्या भागात कोणते जिवाणू वस्तीला होते, यावरही पुढचे बरेच काही अवलंबून असते. आजच्या दिवशी आम्हाला याच गोष्टीवर लिहायचे आहे. कारण ही वस्ती कशी असावी, हे काही अंशी आपल्या हातात आहे.

बाळाचे नाक कधीच रिकामे नसते. जन्मानंतर काही तासांतच आईच्या अंगावरचे, घरातल्या माणसांचे, हवेतले जिवाणू तिथे येऊन राहू लागतात. पहिल्या वर्षात त्यांची ये-जा चालू असते. त्यांत कोरिनेबॅक्टेरियम आणि डोलोसिग्रॅन्युलम अशी जड नावे असलेले पण स्वभावाने शांत जिवाणू असतात. त्यांतच न्यूमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएंझा आणि मोराक्सेला हेही असतात. तमिळनाडूच्या ग्रामीण भागातल्या एका अभ्यासात दोन महिन्यांच्या निम्म्याहून अधिक बाळांच्या नाकात न्यूमोकोकस सापडला होता. ही बाळे आजारी नव्हती. न्यूमोकोकस नाकात असणे म्हणजे न्यूमोनिया असणे नव्हे. तो तिथे महिनोन् महिने गुमान राहतो आणि एक दिवस निघूनही जातो. मधल्या काळात विषाणू आला, तर मात्र गोष्ट बदलते.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बाळांच्या नाकातले नमुने वर्षभर पुन्हा पुन्हा घेऊन तपासले गेले आणि त्याचे निष्कर्ष २०१५मध्ये प्रसिद्ध झाले. नाकात स्ट्रेप्टोकोकस, हिमोफिलस किंवा मोराक्सेला यांचे वर्चस्व असताना विषाणू आला, तर आजार छातीत उतरण्याचे प्रमाण अधिक दिसले. नेदरलँड्समधील युट्रेक्टच्या संशोधकांनी आरएसव्ही या विषाणूने आजारी पडलेली लहान मुले पाहिली. तान्ह्या बाळांच्या छातीच्या आजारात या विषाणूचा वाटा सर्वांत मोठा असतो. ज्यांच्या नाकात हिमोफिलस किंवा न्यूमोकोकस जास्त होते, त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याची शक्यता अधिक होती आणि त्यांच्या शरीराची दाहाची प्रतिक्रियाही अधिक भडकलेली होती. उलट, कोरिनेबॅक्टेरियम आणि डोलोसिग्रॅन्युलम यांची वस्ती असलेल्या बाळांच्या वाट्याला एकंदर छातीचे आजार कमी आले. मृगाचा पाऊस सगळ्या शिवारावर सारखाच पडतो. चिबडणाऱ्या रानात पीक पिवळे पडते आणि निचऱ्याच्या रानात तेच पीक तरारते. विषाणूचेही तसेच आहे.

यात नवे ते तपशील. मूळ शंका शंभर वर्षांहून जुनी आहे. १८९२मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांनी इन्फ्लुएंझाच्या रुग्णांच्या बेडक्यात एक जिवाणू पाहिला आणि हाच या तापाचे कारण आहे, असे जाहीर केले. हिमोफिलसच्या नावात 'इन्फ्लुएंझा' आजही आहे, तो त्यामुळेच. मग १९१८ साल आले. आपल्याकडे जिला मानमोडीची साथ म्हणत, तिने देशात सर्वाधिक बळी घेतलेल्या भागांत वऱ्हाड आणि मध्य प्रांत होते. मंगरूळ त्या वेळी वऱ्हाडच्या अकोला जिल्ह्यात होते. औषध नव्हते, कारणही ठाऊक नव्हते. १९३१मध्ये अमेरिकेच्या रिचर्ड शोप यांनी डुकरांमधल्या इन्फ्लुएंझावर काम करताना दाखवून दिले, की एकटा विषाणू दिल्यास डुक्कर थोडेसे आजारी पडते, एकटा जिवाणू दिल्यास जवळजवळ काहीच होत नाही आणि दोन्ही एकत्र दिले की जिवावर बेतते. १९३३मध्ये माणसातला इन्फ्लुएंझाचा विषाणू सापडला. फायफर चुकले, असा निकाल लागला आणि जिवाणूंकडे पाहणे मागे पडले. २००८मध्ये अमेरिकी संशोधकांनी १९१८च्या मृतांचे जपून ठेवलेले फुप्फुसाचे नमुने पुन्हा तपासले, तेव्हा बहुसंख्य मृत्यू विषाणूच्या मागोमाग आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले असावेत, असे दिसले. दाराला खिंडार पाडणारा एक आणि आत शिरून घर लुटणारा दुसरा, हे १९१८मध्ये नीट उलगडले नव्हते.

हे घडते कसे, तेही आता बऱ्यापैकी उलगडले आहे. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर बारीक लव असते. ती सतत हलत राहून कफ आणि त्यात अडकलेले जंतू वर ढकलते. इन्फ्लुएंझाचा विषाणू हे अस्तरच सोलून काढतो. त्याच्या अंगावरचे एक विकर पेशींवरची साखर तोडते. त्यामुळे न्यूमोकोकसला चिकटायला जागा मिळते आणि तीच साखर खायलाही मिळते. पांढऱ्या पेशींची फौज विषाणूशी लढण्यात गुंतलेली असते, तेवढ्यात नाकात गुमान बसलेला जिवाणू खाली फुप्फुसात सरकतो. दुसरीकडे जिवाणूही विषाणूची वाट सोपी करतात. काही जिवाणू अस्तराला आधीच सूज आणतात, तर काही शरीराची प्रतिक्रिया इतकी भडकवतात, की विषाणूपेक्षा त्या प्रतिक्रियेनेच श्वासनलिका बुजतात. आणि शांत स्वभावाचे जिवाणूही नुसते बसून नसतात. कोरिनेबॅक्टेरियमचा एक प्रकार त्वचेवरच्या स्निग्ध पदार्थांपासून अशी आम्ले मोकळी करतो, की न्यूमोकोकसची वाढ खुंटते.

इथे एक सावधगिरी हवी. नाकात अमुक जिवाणू सापडले आणि आजार वाढला, एवढ्यावरून जिवाणूंमुळेच आजार वाढला असे म्हणता येत नाही. आधीच अशक्त असलेल्या लेकराच्या नाकात ते जिवाणू वाढले असतील, असेही होऊ शकते. म्हणून पुराव्याला खरे वजन येते ते जिवाणू बाजूला काढून पाहिल्यावर. असा प्रयोग दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो येथे झाला. सुमारे ३७ हजार बाळांवरच्या या चाचणीत काहींना न्यूमोकोकसची लस दिली, काहींना दिली नाही. लस जिवाणूची होती. पण २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसले, की विषाणू सापडलेल्या न्यूमोनियासाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाणही लस घेतलेल्या मुलांमध्ये सुमारे ३१ टक्क्यांनी घटले. ज्याला आपण विषाणूचा न्यूमोनिया म्हणत होतो, त्याच्या मोठ्या हिश्श्यात जिवाणूचा हात होता, याचा याहून स्पष्ट दाखला सापडणे कठीण. उलट बाजूचा दाखला करोनाने दिला. टाळेबंदीच्या काळात इस्रायलमध्ये लहान मुलांच्या नाकातला न्यूमोकोकस जवळपास होता तेवढाच राहिला, पण त्याने होणारे आजार एकदम खाली आले; कारण आरएसव्ही, इन्फ्लुएंझा आणि एचएमपीव्ही हे विषाणूच त्या काळात गायब होते. २०२५च्या जानेवारीत ज्या एचएमपीव्हीच्या नावाने आपल्याकडे मोबाईलवर धास्तीचे संदेश फिरत होते, तोच हा विषाणू. जिवाणू होता, पण खिंडार पाडणारा नव्हता.

या सगळ्याचा मंगरूळपीरला काय उपयोग? उपयोग मोठा आहे. आरएसव्हीविरुद्धची लस सरकारी लसीकरण कार्यक्रमात नाही. सर्दीच्या शेकडो विषाणूंवर लस येण्याची तर आशाच नको. विषाणू येणारच, अंगणवाडीतून, लग्नातून, यात्रेच्या आणि उरुसाच्या गर्दीतून, थोरल्या भावाच्या शेंबडातून येणारच. पण त्याची साथ करणाऱ्या न्यूमोकोकसवर लस आहे आणि ती आपल्या उपकेंद्रात फुकट मिळते. देशात २०१७पासून टप्प्याटप्प्याने आणि महाराष्ट्रात २०२१पासून ही पीसीव्ही लस नियमित लसीकरणात आली. त्याआधी खासगी दवाखान्यात तिच्या एका डोसला काही हजार रुपये पडत आणि शेतमजुराच्या लेकराला ती मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वदेशी लस बाजारात आणली २०२०च्या डिसेंबरमध्ये. तिच्यात न्यूमोकोकसच्या शंभराहून अधिक प्रकारांपैकी घातक असे दहा प्रकार आहेत. म्हणजे ही लस रामबाण नाही. हिमोफिलसचेही तसेच, पेंटाव्हॅलंट लस त्याच्या 'बी' प्रकाराला अडवते, नाकात नेहमी सापडणाऱ्या बिनकवचाच्या प्रकारांना नाही. तरीही हाताशी असलेले हेच सर्वांत भक्कम हत्यार आहे.

पीसीव्हीचे डोस तीन आहेत. पहिला सहाव्या आठवड्यात, दुसरा चौदाव्या आठवड्यात आणि तिसरा नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाबरोबर. चुकतो तो बहुधा शेवटचा किंवा मधला. याचे एक कारण आपल्या जिल्ह्याला नवे नाही. दिवाळी झाली की तांड्यांवरून आणि गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तीन महिन्यांचे बाळ आईसोबत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून पश्चिम महाराष्ट्रातल्या नाही तर मराठवाड्यातल्या फडावर जाते, पाचटाच्या कोपीत थंडी काढते आणि उन्हाळ्यात परत येते. न्यूमोनियाचा हंगाम आणि स्थलांतराचा हंगाम एकच आहे. डोस नेमके याच काळात पडायचे असतात. टोळी निघण्याआधी मुकादमाकडून लेकरांची यादी घेणे, वयात बसणारा डोस देऊनच गाडी सोडणे, माता-बाल संरक्षण कार्ड आईच्या पिशवीत आहे ना हे पाहणे आणि यू-विन या पोर्टलवर नोंद करणे, एवढे केले म्हणजे पुढचा डोस कारखान्याजवळच्या केंद्रात घेता येतो. यासाठी नवी योजना नको, वेगळा निधी नको. वेळेवर केलेली यादी हवी.

दुसरी गोष्ट आईच्या दुधाची. युट्रेक्टच्याच अभ्यासात अंगावर पिणाऱ्या सहा आठवड्यांच्या बाळांच्या नाकात शांत जिवाणूंची वस्ती अधिक सापडली. आईचे दूध प्रतिपिंडे देते हे आपण ऐकत आलो आहोत. ते नाकातले शेजारीही निवडून देते, ही त्यात भर. जन्मल्यावर तासाभरात चीक, सहा महिने फक्त अंगावरचे दूध. मध, घुटी, वरचे पाणी काही नाही. नाकात तेलाचे थेंब सोडण्याची आज्यांची सवयही आता सोडायला हवी. तेल फुप्फुसात गेले तर त्यानेच न्यूमोनिया होतो.

तिसरी गोष्ट धुराची. उज्ज्वला योजनेचे सिलिंडर घरोघरी पोचले हे खरे. पण मंगरूळपीरच्या कुठल्याही खेड्यात संध्याकाळी सहा वाजता फिरून पाहा. सिलिंडर कोपऱ्यात गोधडीने झाकलेले असते, चहापुरते वापरले जाते. भाकरी चुलीवरच. पाणी तापवायचे तर तुराट्या आणि पऱ्हाट्या आहेतच, फुकटच्या आहेत. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि धुरी, दार-खिडकी बंद. बाळ त्या खोलीत दिवसाचे वीस तास असते. धुराने श्वासनलिकेची लव मंदावते, अस्तराला सूज येते आणि जिवाणूंना खाली सरकायला वाट मोकळी होते. ज्या घरात बापाची विडी चालते, त्या घरात हे दुप्पट. सिलिंडर भरून आणणे परवडत नाही, हे आम्हाला कळते. निदान तान्हे बाळ आणि चूल एका खोलीत नको, एवढे तर करता येईल.

चौथी गोष्ट औषधांची आणि इथे दोष केवळ आईबापांचा नाही. सर्दी झाली की दुसऱ्याच दिवशी अँटिबायोटिक मागायचे, डॉक्टरने दिले नाही तर डॉक्टर बदलायचा किंवा मेडिकलवर जाऊन 'मागच्या वेळची ती पिवळी बाटली' आणायची आणि दोन दिवसांत नाक सुकले की उरलेली बाटली फळीवर पुढच्या सर्दीसाठी ठेवायची. ही आपली रीत झाली आहे. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही, हे शाळेच्या पुस्तकात असते. पण त्याने नाकातले शांत जिवाणू आधी मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेवर औषधाला न जुमानणारे वसतात, हे पुस्तकात नसते. म्हणजे या सर्दीत नाहक दिलेली बाटली पुढच्या सर्दीला छातीची वाट दाखवते. खोकल्याच्या औषधाची तर गोष्टच वेगळी. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात विषारी डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपने २०हून अधिक लेकरांचा बळी घेतला. त्यांतली अनेक शेवटी नागपूरच्या रुग्णालयांत होती. दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, असा सल्ला केंद्र सरकारने त्यानंतर पुन्हा दिला. तो सल्ला मेडिकलच्या काउंटरवर मराठीत लावलेला किती ठिकाणी दिसतो?

याचा अर्थ अँटिबायोटिक वाईट, असा कुणी घेऊ नये. न्यूमोनियात ते जीव वाचवते आणि वेळेवर न मिळाल्याने लेकरे दगावतात. प्रश्न एवढाच, की साधी सर्दी कोणती आणि न्यूमोनिया कोणता हे ओळखायचे कसे. याचे उत्तर आपल्याच विदर्भाने जगाला दिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना बाळाचे श्वास मोजायला शिकवले. दायांना दहाच्या पुढे मोजणे अवघड. म्हणून वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधे श्वासमापक बनवले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनिया, औषध सुरू. १९९०मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये त्यांचे निष्कर्ष आले, तेव्हा न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. मोठे रुग्णालय नाही, यंत्र नाही. मणी आणि नजर. आपल्याच विभागातल्या मेळघाटात डॉ. आशिष सातव यांच्या महान ट्रस्टने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या साथीने दोन वर्षांखालील मुलांमधल्या आरएसव्हीचा अभ्यास केला, तोही दवाखान्यात बसून नव्हे, गावोगाव जाऊन.

ही मोजणी घरी कुणालाही जमते. बाळ झोपलेले किंवा शांत असताना मांडीवर घ्या, झबले वर करा, छाती आणि पोट दिसेल असा उजेड असू द्या. मोबाईलवर एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येते ते मोजा. पूर्ण मिनिट, अर्ध्या मिनिटाचे दुप्पट करू नका, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच धावतो. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल, मलूल पडले असेल, झटके आले असतील किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मोजतही बसू नका. 'डबा झाला' म्हणून पोटावर बिब्बा किंवा चटका देणाऱ्याकडे तर मुळीच नेऊ नका. दर्ग्यावर धागा बांधावा, बिरबलनाथांना नवस बोलावा, त्याला आमची हरकत नाही. आधी दवाखाना, मग नवस.

सरकारचे काम सरकारने करावे. न्यूमोनियासाठीची 'सांस' मोहीम २०१९पासून दरवर्षी आजच्या दिवसापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत चालते. फलक लावून आणि फोटो काढून ती संपू नये. आपला वाशीम २०१८पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. आरोग्य आणि पोषण हे त्या कार्यक्रमातले पहिले विषय आहेत. मग तालुक्याच्या प्रत्येक आशाताईकडे चालू असलेला टायमर आहे का, अमॉक्सिसिलिनच्या विरघळणाऱ्या गोळ्या आहेत का, आरोग्य केंद्रात लहान मुलाच्या बोटाला बसणारा पल्स ऑक्सिमीटर आणि भरलेला ऑक्सिजन सिलिंडर आहे का, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी या आठवड्यात पाहावे आणि लोकप्रतिनिधींनी त्याचा जाब विचारावा. आशाताईंचे मानधन वेळेवर मिळाले, तर त्यांच्याकडून घरभेटींची अपेक्षा करणे शोभून दिसेल.

परवा बालदिन आहे. भाषणे होतील, फुगे लागतील. मंगरूळपीरच्या आईबापांना आमचे सांगणे एवढेच, की आज घरातले लसीकरणाचे कार्ड काढा आणि पीसीव्हीच्या तीन रकान्यांत तीन तारखा आहेत का ते पाहा. एक जरी रकाना कोरा असेल, तर येत्या लसीकरणाच्या दिवशी लेकराला उपकेंद्रात घेऊन जा.